माळ्याखालचं वारूळ

सुरुवातीलाच क्षमा मागतो. लिहिणं हे माझ्यासारख्याचं काम नाही, हे मला माहीत आहे. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजचं फाटक ओलांडलं नाही. मी गेलो तोही प्राणिशास्त्र घेऊन, त्यामुळे मुलगा काय शिकतो हे वडिलांना अजून नीट सांगता येत नाही. त्यांच्या लूमच्या खात्यात, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात, कोणी विचारलं की ते म्हणतात, "किडामुंगीचं शिकतो." मराठीही माझी पक्की नाही. आठवीपर्यंत इथल्या सुरत महापालिकेच्या मराठी शाळेत होतो, पुढे सगळं गुजरातीत. घरी आम्ही अहिराणी बोलतो. तेव्हा एखादा शब्द चुकला तर सांभाळून घ्या.

दुसरी क्षमा विषयाबद्दल. यात किडे आहेत आणि ते जेवणाच्या ताटापर्यंत येतात. जेवत असाल तर आधी जेवून घ्या.

लिहायचं कारण एकच. मागच्या वर्षी होळीनंतर मी एका फॉर्मवर 'किरकोळ' असं लिहिलं. ज्या लाकडी माळ्याबद्दल ते लिहिलं, त्या माळ्यावर माझी ताई, दाजी आणि त्यांची अडीच वर्षांची मुलगी रोज झोपत होती.

कॉलेज सुटल्यावर मी एका पेस्ट कंट्रोलवाल्याकडे जातो. औषध मारणारी माणसं वेगळी, मी फक्त तपासणी करतो. सोबत टॉर्च, लांब दांड्याचा स्क्रू-ड्रायव्हर आणि फॉर्मचं पॅड. स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने लाकूड वाजवायचं. धड लाकूड टणक वाजतं. पोखरलेलं वाजतं ते बुटांच्या रिकाम्या खोक्यावर टिचकी मारल्यासारखं. मग टोकाने टोचायचं आणि टोक किती आत गेलं ते लिहायचं. चौकट, कपाटाची पाठ, सिंकखालची फळी, पलंगाचे पाय, सगळं याच क्रमाने. आमच्या शेठनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, की घरातल्या माणसांच्या तोंडाकडे बघायचं नाही, लाकडाकडे बघायचं.

या कामाची मला किळस येते. प्राणिशास्त्राचा विद्यार्थी असून येते हे सांगायला लाज वाटते, पण येते. प्रयोगशाळेत झुरळ कापताना काही वाटलं नाही, कारण ते मेलेलं होतं आणि एकटं होतं. वाळवी एकटी नसते. आम्ही खानदेशी तिला उधई म्हणतो, गुजरातीतही तोच शब्द आहे. मातीची नळी फोडली की आत ती पांढरी, ओलसर, डोळे नसलेली गर्दी एकमेकांच्या अंगावरून धावत सुटते. तिच्या मातीला भिजलेल्या गोणपाटासारखा वास येतो. तो वास बोटांना लागला की दोन वेळा साबण लावूनही भाकरी मोडताना येतो. अडाजणच्या एका फ्लॅटमध्ये मी शोकेसमधला लग्नाचा अल्बम उघडला होता. पुठ्ठा जागच्या जागी होता आणि पानांच्या जागी मातीचा ठोकळा. नवरीच्या चेहऱ्याचा अर्धा तुकडा शिल्लक होता, त्यावरून तीन किडे चालत होते. घरातल्या बाई तेवढ्यात सरबत घेऊन आल्या. मी ते प्यायलो आणि खाली येऊन गटाराजवळ ओकलो.

दाजींचा फोन आला तो अशाच एका दिवशी. दाजी म्हणजे ताईचे यजमान, तेही लूमवर कारागीर आहेत आणि मला कधी नावाने हाक मारत नाहीत.

"काय शालकबुवा, किडे पकडता की किडे तुम्हाला पकडतात?"

मी हसलो. मग म्हणाले, "एकदा भेस्तानला येऊन जा. माळ्यावरून पीठ गळतं. खाली खेळताना पोरीच्या डोक्यावर पडतं, कधी वरणात पडतं. घरचाच माणूस आहेस, बघून जा."

ताईचं घर भेस्तानमध्ये एका चाळीत आहे. एकच खोली, वर पत्रे, आणि खोलीच्या अर्ध्या भागावर लाकडी माळा. हा माळा ताईच्या सासऱ्यांनी बांधला होता. ते आता नाहीत. लूमची यंत्रं ज्या लाकडी पेट्यांतून येतात त्या पेट्यांच्या फळ्या त्यांनी खात्यातून मागून आणल्या आणि जुन्या पाडलेल्या घराच्या दोन तुळया घेऊन त्यावर ठोकल्या. दर दिवाळीला तुळयांना हिरवा ऑइलपेंट मारायचे. ते गेल्यावर दाजी मारतात. खाली ताईच्या सासूबाई झोपतात, वर ताईचं कुटुंब. सासूबाईंना मी मावशी म्हणतो.

मी रविवारी सकाळी गेलो. हातात पॅड, खिशात स्क्रू-ड्रायव्हर. दारातच मावशींनी पॅड काढून घेतलं आणि बाजूला ठेवलं.

"बठ रे भाऊ. पहिले जेवी ले. मग काय देखनं ते देख."

इथेच माझं चुकायला सुरुवात झाली. इतर घरांत मी बूट काढून आधी सिंकखाली घुसतो. इथे मी तपासणीवाला नव्हतो, सुनेचा भाऊ होतो. सुनेच्या भावाने जेवायचं, पोट भरलं तरी अजून एक पोळी घ्यायची, आणि घराला नावं ठेवायची नाहीत. मावशींनी बट्ट्या तळल्या होत्या, घोटलेलं वरण होतं, वांग्याची भाजी होती. ताई वाढत होती. भाची माझ्या मांडीला टेकून बसली होती.

मी बट्टी चुरून त्यावर वरण घेतलं. दुसऱ्या घासाला दाताखाली बारीक करकर आली. वाटलं, पीठ जाडं दळलं असेल. तिसऱ्या घासाला ताटाच्या कडेला पाहिलं तर फिकट पिवळी भुकटी पडलेली. वरून दोन कण पडताना दिसलेही. लाकडात घुण नावाचा बारीक भुंगा असतो, त्याने पोखरलेल्या फळीतून अशी भुकटी गळते. ते नुसतं लाकडाचं पीठ नसतं. भुंग्याच्या पोटातून गेलेलं लाकूड असतं. मी हे पुस्तकात वाचलं होतं, आकृतीही काढली होती, आणि तो घास आता माझ्या तोंडात होता.

मावशी समोर बसून बघत होत्या. "कसं व्हयनं वरण?"

मी गिळलं. "छान झालंय, मावशी."

"मग ले ना अजून."

मी अजून घेतलं आणि सगळं खाल्लं. ते पोटात गेल्याचं मला आजही आठवतं, आणि त्यानंतर चांगल्या वरणानेही माझी जीभ आधी करकर शोधते.

जेवण झाल्यावर शिडीजवळ गेलो. शिडीमागच्या कोपऱ्यात, माळ्याच्या तुळईचं टोक भिंतीत जातं त्याच्या बरोबर खाली, फरशी फुटलेली होती आणि तिथून मातीचा ढीग वर आला होता. हातभर उंच, वरून निमुळता. त्यावर हळदकुंकू. पुढच्या बाजूला बाजारात मिळतात तसे चांदीचे दोन डोळे चिकटवलेले. पायाशी स्टीलची वाटी, वाटीत दूध.

मी ताईकडे पाहिलं. तिने नजर खाली केली.

मावशी मागून म्हणाल्या, "नागपंचमीले निंघनी आई. सोताहून ऊनी घरमा."

म्हणजे देवी स्वतःहून घरात आली. नागपंचमीला वारूळ पुजतात हे मलाही माहीत आहे. आई मलाही लहानपणी गल्लीबाहेरच्या मोकळ्या जागेत वारूळ पुजायला न्यायची. पण हे वारूळ घरात होतं आणि मावशी दर शुक्रवारी त्याला दूध घालत होत्या. वाळवीला जगायला लागते ओल. दूध मातीत मुरलेलं होतं, वर पिवळट साय सुकून तडकलेली होती. तडकलेल्या सायीखालून आंबट, कुजका वास येत होता आणि काळ्या मुंग्यांची रांग वाटीत उतरून पुन्हा वर येत होती. ढिगाच्या मागच्या बाजूने बोटाएवढी जाड मातीची नळी भिंतीवरून सरळ तुळईपर्यंत गेली होती. ताईचा पदर शिडी चढताना रोज त्या नळीला घासत असणार.

मी शिडी चढलो. वर ताईच्या गोधड्या, दिवाळीच्या भांड्यांचं पोतं, भाचीची एक चाक नसलेली गाडी. वाकून बसावं लागतं इतकाच उंच. पत्रा तापलेला. मी कडेवरून वाकून तुळई वाजवली. रिकाम्या खोक्याचा आवाज. अजून पुढे वाजवली, तोच आवाज. भिंतीजवळ टोक लावलं आणि जोर दिला नाही तरी स्क्रू-ड्रायव्हर मुठीपर्यंत आत गेला. लोण्यात जावा तसा नाही, ओल्या मातीत जावा तसा, थोडा कचकच करत. बाहेर काढला तर दांड्याला राखाडी चिखल, आणि त्या चिखलात पांढरे किडे वळवळत होते. एक माझ्या अंगठ्यावर आला. मी तो पँटला पुसला. चिरडल्याचं ओलं बोटाला कळलं.

तुळईत लाकूड नव्हतंच. हिरव्या ऑइलपेंटचा पापुद्रा होता, दर दिवाळीला एक एक थर चढून जाड झालेला, आणि आत माती. त्या मातीवर तीन माणसं झोपत होती.

खाली मावशी, दाजी, ताई वर बघत उभे होते.

"काय शालकबुवा, किती किडे निघाले?" दाजी म्हणाले. "पहिला तर तूच वर बसलेला दिसतो."

सगळे हसले. मीही हसलो. मग मी ते बोललो.

"थोडीशी आहे. लक्ष ठेवायला लागेल."

का बोललो? पोटात त्यांचं जेवण होतं. मावशी हात जोडून ढिगापुढे उभ्या होत्या. 'घर पोखरलंय' असं सुनेच्या भावाने म्हणणं म्हणजे काय हे ज्याला बहीण आहे त्याला कळेल. पॅड घेऊन मी तिथेच बसून लिहिलं: माळा, किरकोळ, निरीक्षणाखाली ठेवावा. ताई फाटकापर्यंत सोडायला आली. तिथे हळूच म्हणाली, "खरं सांग. किती शे?" म्हणजे किती आहे.

मी म्हणालो, "करतो काहीतरी." आणि बसमध्ये चढलो. ती पोरीला कडेवर घेऊन उभी होती, पोरीच्या केसांत ती भुकटी होती.

सोमवारी शेठनी फॉर्म वाचले. ते सुरतीच आहेत, हिशेबी पण सरळ. त्यांनी माझा फॉर्म दोनदा वाचला.

"किरकोळ? पेचकस केटलो अंदर गयो?" स्क्रू-ड्रायव्हर किती आत गेला, ते विचारत होते.

"मुठीपर्यंत."

"तो आ किरकोळ कोणे लख्युं?" म्हणजे किरकोळ कोणी लिहिलं. त्यांनी चष्मा काढला. "उपर कोण सुए छे?" वर कोण झोपतं.

"मारी बेन," मी म्हणालो.

त्यांनी फॉर्म पुन्हा उचलला. मग तो टराटरा फाडतील असं वाटलं, पण त्यांनी तो उलटा करून माझ्यापुढे सरकवला आणि कोऱ्या बाजूवर पेन ठेवलं. "तारी शरम ना लख. जे जोयुं ते लख." तुझी लाज लिहू नकोस, जे पाहिलंस ते लिही. मी लिहिलं: माळा धोकादायक. तुळई पूर्ण पोकळ. ताबडतोब रिकामा करावा, वर कोणी झोपू नये. लिहिताना मला माझीच किळस आली. किडे निदान लाकूड खाऊन जगतात. मी एक दिवस आधी बट्ट्या खाऊन, हसून, बहिणीला तिथे सोडून आलो होतो.

घरी सांगितलं तेव्हा वडील पाळी संपवून आले होते. त्यांच्या कानात अजून लूमचा खडखडाट असतो, म्हणून ते मोठ्याने बोलतात.

"आपण पोरवाला शेतस. तठे आपली मान खाले. जावईले फोन कर, नरमाईने सांग." मुलीकडच्यांची मान खाली, असं त्यांचं म्हणणं.

दाजींना फोन केला. ते म्हणाले, "काल तर थोडीशी आहे म्हणालास. आईला आता कसं सांगू? वारूळ तर ती फोडू देणार नाही."

"वारूळ राहू द्या. फक्त वर झोपू नका."

"खाली जागा कुठे आहे? बघू."

आई एवढा वेळ चूल पुसत होती. तिला वेगळीच भीती होती. "तू गया तर त्या बाईले राग येई. आखाजीले पोरले धाडतीन नही."

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. आम्हा खानदेशी लोकांत तो सासुरवाशिणींचा सण. वर्षातून एकदा मुलगी माहेरी येते, झोके खेळते, चार दिवस झोपते. भाऊ तिला न्यायला जातो, त्याला मुऱ्हाळी म्हणतात. लग्न झाल्यापासून दरवर्षी मीच मुऱ्हाळी. ताई त्या चार दिवसांवर वर्ष काढते हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं.

दोन दिवस मी 'बघू' वर काढले. तिसऱ्या दिवशी वर्गात सर शिकवत होते आणि मी वहीत माळ्याची आकृती काढत होतो, कोण कुठे झोपतं ते. ताई भिंतीकडे, मधे भाची, दाजी मोकळ्या कडेला. भिंतीकडच्याच टोकाला स्क्रू-ड्रायव्हर मुठीपर्यंत गेला होता. मी तास सुटायच्या आधी उठलो आणि भेस्तानला गेलो.

दाजी कामावर होते. मावशी तांदूळ निवडत होत्या. ताईने मला बघितलं आणि पाण्याचा ग्लास भरला, पण मी घेतला नाही. तेवढं ठरवून गेलो होतो, की या घरात आधी काही तोंडात घालायचं नाही.

"मावशी, मी रविवारी खोटं बोललो. तुळई पोकळ आहे. माळा कधीही पडेल."

मावशींचा हात सुपात थांबला. "मना घरमा उधई नही, आई शे."

"आई असू द्या. पण वर झोपू नका."

"तू दोन बुकं शिकना म्हणजे माले शिकाडशी का? हाऊ माळा तुना काकानी सोता बांधेल शे. पंधरा माणसं चढनात लगीनमा, काही नही व्हयनं."

मी फॉर्म पुढे केला. त्यांना वाचता येत नाही हे विसरलो होतो. कागद हातात तसाच राहिला. मला दोन वाक्यांपुढे बोलणं जमत नाही. मग मी शिडीच्या दोन पायऱ्या चढलो, तुळईच्या हिरव्या रंगात स्क्रू-ड्रायव्हर आडवा घातला आणि खाली ओढला.

पापुद्रा हातभर लांब सोलून निघाला. आतलं सगळं एकदम खाली आलं. ओली काळी माती, लाकडाच्या कागदासारख्या पट्ट्या, आणि किडे, ओंजळी ओंजळी. थोडे माझ्या बाहीत गेले. थोडे शर्टच्या कॉलरमधून पाठीवर उतरले, थंडगार. बाकीचे ढिगावर, चांदीच्या डोळ्यांवर, दुधाच्या वाटीत आणि मावशींच्या सुपातल्या तांदळावर पडले. सुपात तांदूळ कुठला आणि किडा कुठला ते क्षणभर कळेना. मग तांदूळ चालायला लागले. वाटीतल्या दुधावर पांढरा थर हलत होता. भिजलेल्या गोणपाटाचा तो वास, कुजक्या दुधाचा वास आणि उदबत्तीचा वास एकत्र आले आणि मी ओठ घट्ट मिटले.

भाची टाळ्या वाजवत पुढे आली. "भात! मामा, भात!" आणि तिने मूठ भरली. तोंडाकडे नेली.

ताईने तिचा हात मनगटात धरून असा झटकला की पोरगी रडायला लागली. मूठ उघडली तेव्हा तळहाताला चिरडलेले दोन चिकटले होते, एकाचं डोकं अजून हलत होतं. ताईने तो हात स्वतःच्या पदराने पुसला, पुन्हा पुसला, मग साबणाने धुतला. पोरीला माझ्याकडे दिलं, शिडी चढली आणि वरून गोधड्या एक एक खाली टाकायला लागली.

"काय करी राहिनी तू?" मावशी ओरडल्या.

"आज खाले झोपसू," ताई म्हणाली. सासूच्या तोंडावर ती इतकं बोललेली मी कधी ऐकलं नव्हतं.

मावशी उठल्या. त्यांनी आधी ढिगावरचे किडे फुंकले, चांदीचे डोळे पदराने पुसले. मला वाटलं त्या रडतील, पण त्या माझ्याकडे वळल्या. "तू मना माणूसनं काम उघडं पाडं. परका माणूस करता ना, तर मी सोसती. आते निघ. परत आठे तुना पाय नको."

मी पोरीला खाली ठेवलं. फॉर्म देव्हाऱ्याशेजारी ठेवला. गल्लीच्या टोकाला जाऊन शर्ट काढला आणि भर उन्हात, लोक बघत असताना, झटकत राहिलो. पाठीवरून काहीतरी चालतंय असं मला दोन आठवडे वाटत होतं.

त्यानंतर काही कळेनासं झालं. दाजी फोन उचलत नव्हते. ताईचा फोन बंद. आईने विहिणीला निरोप पाठवला, उत्तर नाही. मला एवढंच माहीत करून घ्यायचं होतं, की गोधड्या खालीच आहेत की मावशींनी पुन्हा वर चढवल्या. रागाच्या भरात खाली आणलेलं अंथरूण किती दिवस खाली राहतं? एका खोलीत सासू, मुलगा, सून, पोर, आणि वर अर्धी खोली रिकामी. मी परीक्षेचा अभ्यास करायचो आणि मधेच आमच्याच खाटेचा पाय वाजवून बघायचो. इच्छापोरला एका कारखान्याच्या क्वार्टर्स तपासायला शेठनी पाठवलं. तिथे चौकटींना साधी सुरुवात होती, पण मी प्रत्येक फॉर्मवर 'धोकादायक' लिहून आलो. शेठनी सगळे परत केले. "तू इन्स्पेक्टर छे के बीकण?" बीकण म्हणजे भित्रा. बरोबर होतं त्यांचं.

आखाजी चार दिवसांवर आली. दरवर्षी एव्हाना निरोप येतो. आईने झोक्याचा दोर काढला आणि पुन्हा पिशवीत भरला. "खाले झोपेल व्हई पोर, तेवढं बस," एवढंच म्हणाली. मला वाटतं ती मला माफ करायचा प्रयत्न करत होती.

मग दुपारी वडील पाळीवरून आले. चपला न काढता दारातच उभे राहिले. त्यांच्या खात्यात भेस्तानचा एक कारागीर आहे, ताईच्याच गल्लीतला. तो त्यांना पाळी बदलताना भेटला होता. कानात खडखडाट असल्याने वडील नेहमीसारखे मोठ्याने बोलले, सगळ्या गल्लीने ऐकलं.

"माळा पडना. काल दुपारे."

आईच्या हातातलं लाटणं पडलं.

"वर कोणी नव्हतं. सगळा जण खाले झोपतस, त्या दिवसपाईन." त्या दिवसापासून. वडिलांनी दम घेतला. दाजी सुरुवातीचे तीन दिवस हट्टाने एकटे वर झोपले म्हणे, मग तेही खाली आले. काल ताई आणि पोर नळावर होत्या, मावशी ओट्यावर. भिंतीकडचं टोक निसटलं आणि तुळई, फळ्या, दिवाळीची भांडी, सगळं सरळ वारुळावर आलं. वारूळ भुईसपाट. मावशी गल्लीत सगळ्यांना सांगताहेत की आईने भार स्वतःवर घेतला, म्हणून घर वाचलं.

"आनि विहीणबाईना निरोप शे," वडील म्हणाले. "पोरले आखाजीले लेवाले या. मुऱ्हाळी म्हणीसन त्या किडावाला पोऱ्यालेच धाडा, म्हणे. बाकीनं लाकूडबी देखी जाई."